तीन सुतांची चूक

प्रिय सुध्या,

"ताय, पाणी वाहतं गो. धूर उड्या मारतो."

वैशाखरे गावातल्या तुझ्या गॅरेजात, लाल गाडीच्या उघड्या बॉनेटवर वाकून तू हे म्हणाला होतास. डोकं वर न काढताच. आणि मी हसले होते. नववीत शाळा सोडलेला माझा धाकटा भाऊ मला प्रवाह म्हणजे काय ते शिकवतोय, याचं हसू आलं होतं मला!

आज तुला लिहायला बसलेय, कारण आज ती गाडी पळाली. सुध्या, पळाली म्हणजे काय पळाली! शहापूरला घरी येऊन तास झाला, आंघोळ झाली, तरी नखांतलं काळं गेलेलं नाही. हे म्हणतायत, आधी दोन घास खाऊन घे. जेवण कसलं जातंय! आधी तुला सांगू दे. तुला सांगायच्या गोष्टी दोन आहेत. एक आनंदाची, ती सांगायला मला शब्द पुरणार नाहीत. दुसरी सांगायला दोन वर्षं लागली.

आधी दुसरी. कारण तिच्याशिवाय पहिलीला अर्थ नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात भात झोडून झालं होतं, शेतं मोकळी झाली होती आणि पोरांनी बांध सपाट करून शर्यतीची वाट आखायला घेतली होती. एका वेळी एकच गाडी, घड्याळ लावून. खाली शेतातून दोन फेऱ्या, पेंढ्यांच्या उडव्यांभोवती वळणं, मग माळाचा चढ. तू चार महिने त्या तेराशे सीसीच्या इंजिनात डोकं घालून होतास. सगळं झालं होतं, राहिला होता फक्त हेडर. इंजिनाच्या चार भोकांतून जळालेला धूर बाहेर काढणारे चार पाइप, पुढे जाऊन एकात मिळणारे. पाइप किती जाडीचा घ्यायचा, एवढाच प्रश्न होता.

तू म्हणालास, अकरा सूत. आठ सुतांचा इंच, म्हणजे दीड इंचाला एक सूत कमी.

मी म्हणाले, चौदा. पावणेदोन इंच.

माझं पोट भातसानगरला धरणाच्या पाण्यावर चालतं ना रे. किती दार उघडलं की किती पाणी सुटतं, हे मी वीस वर्षं नोंदवतेय. पाइप मोठा केला की घर्षण कमी होतं आणि प्रवाह मोकळा होतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आपल्याकडे शेतकऱ्यालाही ते ठाऊक असतं. पंपाला अडीच इंची पाइप जोडला तर पाणी रडतरखडत येतं, तीन इंची जोडला की धो धो. मग इंजिनाला वेगळा न्याय कशाला? त्याचा श्वास का कोंडायचा?

तू भोकात अंगठा घातलास, मग अकरा सुताच्या तुकड्यात घातलास आणि म्हणालास, "अंगठा फिरला पायजे. पण त्याला गप्पा मारायला जागा नको."

मी वही काढली. आकडे मांडले. तू वहीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. लहानपणी मी तुझा गृहपाठ तपासायची तेव्हा बघायचास तसाच. आणि म्हणालास, बरं, चौदा तर चौदा.

का म्हणालास बरं? भांडायचं होतंस. तो तुकडा माझ्या डोक्यात घालायचा होतास!

किती सुंदर केलेस तू ते पाइप. आधी चार जाड तारा घेतल्यास. एकेका भोकापासून वाकवत नेल्यास, चौघींची लांबी सारखी येईपर्यंत. मग त्या तारांबरहुकूम पाइप. तुझी सुनीता अंगणात मोठ्या कढईत वाळू भाजत होती, शेंगदाणे भाजावे तशी, उलथन्यानं. ती कोरडी वाळू पाइपात ठोकून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारायची, मग भट्टीत लाल करून वाकवायचं, म्हणजे पाइप चेपत नाही. चौघे वाकून झाले तेव्हा तो हेडर खेकड्यासारखा दिसत होता. मी त्याचा फोटो काढून ऑफिसात सगळ्यांना दाखवला होता.

आणि शर्यतीत काय झालं? सरळ वाटेवर गाडी ओरडली मात्र खूप. उडवीला वळसा घालून बाहेर पडताना तू पाय दाबलास आणि ती बसली. अक्षरशः बसली, दमलेल्या माणसासारखी. प्रत्येक वळणाला तेच. माळाच्या चढावर तू पहिल्या गिअरवर आलास. अर्ध्या चढावर गाडी बंद पडली आणि चौघांनी ढकलून ती वर नेली.

मुरबाडचे तुकाराम मिस्त्री तिथंच होते, तुझ्या बरोबरीचे, तुझे स्पर्धक. त्यांनी वाकून हेडर बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सुधाकर, भातसा धरणाचा पायप लावलास काय रे?"

शेत हसलं. मी तुझ्यापासून दोन हातांवर उभी होते. थर्मास घेऊन.

तू हात पुसलेस आणि म्हणालास, "माझं माप चुकलं."

मी काही बोलले नाही, सुध्या. तुला चहा ओतून दिला.

हीच ती गोष्ट. दोन वर्षं पोटात ठेवलेली.

त्यानंतर गाड्यांचं काम तुझ्याकडे यायचं थांबलं. ट्रॅक्टरचे सायलेन्सर यायचे, पंप यायचे, पण ज्यांना गाडी पळवायची होती ती पोरं मुरबाडला तुकारामांकडे जायला लागली. सुधाकरला माप कळत नाही, असं नाव पडलं. सुनीता एकदा फोनवर सांगत होती, मी विषय बदलला. पुढच्या हिवाळ्यात शर्यत आली, तू गाडीवरची ताडपत्रीसुद्धा काढली नाहीस. मी त्यावर विचार करत बसते. पाइप बदलणं तुला दोन दिवसांचं काम. का नाही बदललास? अकरा सुताचा लावला असतास आणि ती पळाली असती, तर चूक कुणाची होती ते गावासमोर आलं असतं, म्हणून?

मग गणपतीच्या आधी तू छातीत दुखतंय म्हणून पायरीवर बसलास तो उठलाच नाहीस, आणि ते बोलणं राहूनच गेलं.

आता ऐक, मला कळलं कसं ते. गंमतच आहे!

दिवाळीनंतर मी सुनीताकडे आले होते. गॅस संपला होता म्हणून ती अंगणातल्या चुलीवर चहा ठेवत होती. लाकडं ओली, सगळा धूर. मी म्हटलं, सरक जरा, मी फुंकते. फुंकणी दिसेना, म्हणून भट्टीजवळ पडलेला एक पाइपाचा तुकडा उचलला आणि फुंकायला लागले. फुंकतेय, फुंकतेय, डोळ्यांपुढे काजवे, आणि विस्तव ढिम्म! राख तेवढी जरा हलली.

सुनीतानं दाराआडून दुसरा तुकडा आणून दिला. "वन्सं, तो जाडा नाय चालत. तुमच्या भावानं मला ही बारकी करून दिली होती, ही घ्या."

मी एकदाच फुंकलं. जाळ उठला.

मी दोन्ही तुकडे हातात घेऊन बसले. मापायची गरज नव्हती तरी मापले. एक चौदा सूत, एक अकरा.

फुंकर तीच, छाती तीच. जाड नळीत ती पसरली, थंडावली, तिचा जोर गेला. बारीक नळीत तीच फुंकर बाणासारखी गेली. आणि इंजिन तरी काय करतं? पाण्यासारखं अखंड वाहत नाही, फुंकरा टाकतं. एकेका सिलिंडरची एकेक फुंकर. ती जोरात निघून गेली की तिच्या मागे पोकळी होते, आणि ती पोकळी पुढच्या धुराला ओढून घेते. पाइप फार मोठा केला की वेगही जातो आणि ओढही जाते. हे सगळं तू एका वाक्यात सांगितलं होतंस रे! मी वीस वर्षं पाणी बघत होते, म्हणून मला सगळीकडे पाणीच दिसलं.

नंतर मी पुन्हा गणित केलं, या वेळी नीट. एका सिलिंडरचं माप घेतलं, कुठला पाइप इंजिनाला किती फेऱ्यांवर सगळ्यात जास्त जोर देतो ते काढलं. अकरा सुताला उत्तर आलं मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास, वळणातून निघताना आणि चढावर काटा जिथं चढत जातो तिथंच. चौदा सुताला आलं नऊ हजारांच्या वर. आपलं इंजिन साडेसहालाच धापा टाकतं! तो पाइप कुठल्या तरी दुसऱ्याच, किंचाळत फिरणाऱ्या इंजिनाचा होता. आणि तू हे अंगठ्यानं मोजलं होतंस.

त्या चुलीपाशीच मी सुनीताला सगळं सांगितलं. चौदा माझं होतं, त्याचं नव्हतं. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं. चहा गाळला, मला दिला, स्वतः घेतला नाही. मग म्हणाली, "मला काय सांगताय? मी कुठं हसले होते त्यांना? जे हसले त्यांना सांगा."

मी म्हटलं, आत्ता जाते मुरबाडला.

"नुसतं सांगून काय होणार. बोलतील, भाऊ गेला म्हणून बहीण पांघरूण घालते." मग तिनं ताडपत्रीकडे बोट दाखवलं. "आधी ती पळवा. मंग बोला."

म्हणून हे सगळं, सुध्या. तुझं नाव मी घालवलं होतं आणि ते फक्त तुझ्या गाडीलाच परत आणता येणार होतं. आणि नाही पळाली तर? तर तुझ्या नावावर दुसरा शिक्का बसला असता, तोही माझ्याच हातानं. रविवारी शहापूरहून किन्हवलीमार्गे येताना दर वेळी मी हाच हिशेब करायचे.

तुझ्या चार तारा खिळ्याला तशाच लटकत होत्या. किती बरं वाटलं त्या बघून! वाकवायचं काम आम्ही दोघींनी केलं. पहिला पाइप मी घाईत भरला. ओढ्याची वाळू, वरवर कोरडी दिसली म्हणून भाजलीच नाही. भट्टीत घातला, आणि काही मिनिटांत आतल्या ओलीची वाफ झाली आणि बुच बंदुकीसारखं सुटलं! कोंबड्यांचा डालगा उलटा, कोंबड्या रस्त्यावर, मी खाली बसलेली.

सुनीता आली, वाळू मुठीत धरून बघितली. म्हणाली, "भाजायचं काम माझं होतं. तुमी पाण्याची माणसं, तुमाला सगळं ओलंच चालतं."

तू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मीही हसले, मग दोघींना रडू आलं, मग पुन्हा कोंबड्या धरायला पळालो.

वेल्डिंगचं जोडकाम आम्हाला येईना. शेवटी तुकाराम मिस्त्रींकडेच जावं लागलं. त्यांनी चारही पाइप फिरवून फिरवून बघितले. वाक कुठं चेपलाय का, लांबी सारखी आहे का. मग म्हणाले, "हात सुधाकरचाच दिसतोय. तारा त्याच्या ना? हात चांगला होता त्याचा. त्या वर्षी डोकं कुठं गेलं होतं काय ठाऊक." मी तोंड उघडणार, तोच सुनीतानं माझं मनगट दाबलं. अजून नाही, असं. त्यांनी टाके इतके सुबक घातले की मला त्यांच्यावर राग धरवेना.

आणि आज! ऐक आता.

गाडी मी चालवली. दुसरं कोण? सुनीता म्हणाली, चूक तुमची, चाकही तुमीच धरा. एकूण चौदा गाड्या, माझा नंबर नववा. माझ्या आधीचा पोरगा माझ्याकडे बघून मित्राला म्हणाला, ती धरणवाली आली बघ. हेल्मेटमध्ये माझे कान तापले.

झेंडा पडला. पहिली सरळ वाट मी घाबरतच काढली. मग उडवीचं वळण आलं, तेच, जिथं ती बसली होती. दुसरा गिअर, काटा तीन हजारांवर, आणि मी पाय दाबला.

सुध्या, तिनं मला पाठीत ढकललं! सीटमध्ये दाबलं! आवाजसुद्धा वेगळा, ती जुनी पोकळ बोंब नाही, घट्ट, एकसारखा, काटा चढेल तसा चढत जाणारा. मी मोठ्यानं ओरडले. काय ओरडले माहीत नाही. पुढच्या वळणाला पुन्हा तेच, पाय दाबला की ओढ, पाय दाबला की ओढ. चार फुंकरा एकमेकींना हात देऊन बाहेर काढतायत, हे मला पायाच्या तळव्यात कळत होतं. वहीत कधीच इतकं कळलं नव्हतं! माळाच्या पायथ्याशी मी सवयीनं पहिल्या गिअरकडे हात नेला आणि मागे घेतला. दुसऱ्यावरच चढली. अर्ध्या चढावरची ती जागा आली आणि गेली. वर पोचले तेव्हा समोर फक्त आभाळ होतं, आणि मला ब्रेक आठवला तो जरा उशिराच.

पहिला नंबर नाही आला. तिसरा आला. तुकारामांनी केलेली गाडी दुसरी. पण तुझ्या त्या फेरीत आपण चढावर ढकलत होतो आणि आज मी तीच वाट न थांबता काढली. लोक धावत आले. पोरं बॉनेट उघडा म्हणायला लागली.

मी माइक मागितला. तो आधी किंचाळला, अर्धे लोक वडापावच्या गाडीशी होते, एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, कोण ही बाई. मी जे म्हणाले ते एवढंच. दोन वर्षांपूर्वी या गाडीला चौदा सुताचा पाइप होता. सुधाकरनं अकरा सांगितलं होतं. चौदा मी हट्टानं लावायला लावलं, आणि तो म्हणाला की माप त्याचं चुकलं. आज अकरा आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. तुकाराम मिस्त्री पुढे आले, बॉनेटखाली बराच वेळ वाकून राहिले. मग माझ्याकडे वळले.

"बाई, हे तवाच बोलला असता, तर आमी त्याला हसलो नसतो."

हे ते दुष्टपणानं म्हणाले नाहीत. म्हणूनच फार लागलं. मी हो म्हटलं.

मग ते सुनीताकडे वळून म्हणाले की त्या चार तारा आठ दिवस दे, एक माप उतरवून घेतो. सुनीतानं पदर खोचला आणि म्हणाली, "तारा नाय मिळणार, भावजी. गाडी इकडं आणा, आमी करून देऊ." आमी! ऐकलंस का? मी आणि ती. वेल्डिंग तेवढं तुमी करा, असंही वर सांगितलं तिनं त्यांना, आणि ते चक्क मान डोलावून गेले. परतताना दोन पोरांनी सुनीताला विचारलं, गॅरेज कधी उघडं असतं.

तर सुध्या, हे माझं तुला वचन. दर रविवारी मी वैशाखऱ्याला येईन. वाळू भाजल्याशिवाय पाइपात भरणार नाही. गणित करीन, ते माझ्यानं सुटायचं नाही, पण आधी भोकात अंगठा घालीन आणि मगच वही उघडीन. ज्याचे हात त्या कामात काळे झालेत, त्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड घालणार नाही. आणि तुझं माप कुणी विचारलं तर तुझ्या नावानंच सांगीन.

आता एकच मागते. आज सगळ्यांसमोर बोलले, तुकारामांचं ऐकून घेतलं, सुनीतानंही मला काय सुनावायचं ते सुनावलं. फक्त तू राहिलास. एकदा ओरड माझ्यावर. मोठ्यानं म्हण, ताय, तुझ्यामुळं झालं, आणि तू गप्प उभी राहिलीस. एवढंच म्हण, मग मला झोप लागेल.

नाही म्हणणार तू. माहीत आहे मला. तरी म्हण ना रे.

तुझीच,
ताई